कोणतं सॉफ्टवेअर, हे सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज 11 आहे. 512 जीबीच्या डिस्कपैकी सुमारे 300 जीबी भरली आहे. मुलांचे जन्मापासूनचे फोटो, आईच्या वह्यांचे स्कॅन आणि माझ्या भाषांतराच्या कामाच्या फाइली, असं सगळं त्यात आहे. बॅकअपसाठी 2 टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली, पण ती अजून खोक्यातच पडून आहे. भाचा म्हणतो, ‘मावशी, सॉफ्टवेअर कशाला, कॉपी-पेस्ट कर.’ मैत्रीण म्हणते, फाइलींच्या नादी लागू नकोस, सरळ इमेज घे. एका पेड सॉफ्टवेअरची ट्रायल उतरवली, तर त्यात इन्क्रिमेंटल, डिफरन्शियल, सिंक, क्लोन असे इतके पर्याय निघाले की मी ते बंदच करून टाकलं. फुकटचं सॉफ्टवेअर चालेल की पैसे मोजावेत? नवऱ्याचा मॅक आहे, त्याचाही बॅकअप याच डिस्कवर बसेल का? आणि डिस्क कायम जोडून ठेवायची का?

उत्तर : भाचा आणि मैत्रीण एकमेकांना खोडून काढताहेत असं तुम्हाला वाटतंय. खरं तर दोघं दोन वेगळ्या संकटांबद्दल बोलताहेत. भाच्याच्या डोळ्यांपुढे लॅपटॉप हरवल्याचा किंवा डिस्क बंद पडल्याचा दिवस आहे. तेव्हा फाइली दुसरीकडे कुठेतरी असल्या म्हणजे झालं. मैत्रिणीला धास्ती आहे ती सकाळी बटण दाबल्यावर विंडोज सुरूच न होण्याची. अशा वेळी फाइली सुखरूप असूनही सगळे प्रोग्राम, सेटिंग, पासवर्ड पुन्हा बसवण्यात दोन-तीन दिवस जातात.

तिसरं संकट मात्र दोघांच्याही बोलण्यात नाही, आणि तुमच्यासारख्या रोज फाइलींवर काम करणाऱ्या माणसाला माझ्या मते तेच सगळ्यात जवळचं. तुम्ही सहावं प्रकरण उघडता, मधली चार पानं उडवून काहीतरी करून बघता, सवयीने सेव्ह करता आणि पंधरा दिवसांनी लक्षात येतं की ती चार पानं हवी होती. डिस्क ठणठणीत, विंडोज ठणठणीत, फाइलही जागेवर. फक्त आतला मजकूर गेलेला. मध्यंतरी भाच्याच्या पद्धतीने कॉपी-पेस्ट केलं असेल, तर चांगल्या प्रतीवर तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडलेली प्रत चढवलेली असणार.

म्हणून सॉफ्टवेअरची यादी समोर घेऊन बसण्याआधी प्रत्येक संकटाला एकच प्रश्न विचारा : त्या दिवशी मी नेमकं काय करून माझी वस्तू परत आणणार? बॅकअप घेणं सगळ्याच सॉफ्टवेअरना जमतं. जाहिरातीही त्याच्याच असतात : किती वेगाने घेतो, किती कमी जागेत बसवतो. परत आणण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

आधी ट्रायलमधले ते चार शब्द उरकून टाकू. इन्क्रिमेंटल म्हणजे पहिल्यांदा सगळं आणि नंतर दर वेळी मागच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच. जागा कमी लागते, पण प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर टेकलेला असतो. मधला एक खराब झाला, तर त्याच्या पुढचे निकामी. डिफरन्शियलमध्ये दर वेळी पहिल्या पूर्ण बॅकअपपासूनचा सगळा फरक साठवतात. जागा जास्त खातो, पण पहिला पूर्ण बॅकअप आणि हवा तो एक तुकडा एवढ्यावर काम भागतं. घरच्या वापराला इन्क्रिमेंटल पुरेसं आहे, फक्त अधूनमधून नवा पूर्ण बॅकअप घ्यायला सांगा. क्लोन म्हणजे एका डिस्कची हुबेहूब दुसरी डिस्क. जुन्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर जाताना त्याचा उपयोग होतो. ज्या डिस्कवर क्लोन करता, तिच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे त्या बटणाकडे तुम्ही फिरकूच नका.

सिंक या शब्दाशी जरा थांबायला हवं, कारण बॅकअप म्हणून सर्रास सिंकच खपवलं जातं. सिंकचं काम दोन जागा सारख्या ठेवण्याचं. इकडे फाइल आली की तिकडे येते, आणि इकडून गेली की तिकडूनही जाते. ‘मिरर’ नावाचा पर्याय तर याच कामासाठी आहे. विंडोजमध्ये आयती असलेली रोबोकॉपी ही कमांड आणि तिचा /एमआयआर हा पर्याय जाणकार मंडळी आवर्जून सुचवतात. साधन उत्तम आहे, पण घाईत दिशा उलटी दिलीत, म्हणजे कोरी एक्स्टर्नल डिस्क हे मूळ आणि लॅपटॉपवरचं फोल्डर ही नक्कल असं झालं, तर ती कमांड इमानेइतबारे तुमचं फोल्डर कोऱ्या डिस्कसारखं कोरं करून ठेवेल. फ्रीफाइलसिंक हे फुकट सॉफ्टवेअर यापेक्षा बरंच सोशिक. काय कॉपी होणार, काय पुसलं जाणार हे आधी दाखवतं आणि पुसलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची सोयही देतं. पण ती सोय आपण चालू करावी लागते. न केल्यास तो मिररच. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांचीही मूळ वृत्ती सिंकचीच. थोडे दिवस कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्या मिळतात, पण तेवढ्यावर आईच्या वह्या सोपवू नयेत.

आता तुमच्या संकटांकडे. तिसऱ्यापासून सुरुवात करू. त्यावरचं औषध विंडोजमध्ये आधीच पडून आहे, ‘फाइल हिस्टरी’. विंडोज 8 बरोबर, 2012 मध्ये आलं आणि विंडोज 11 मध्येही आहे, पण मायक्रोसॉफ्टने ते नव्या सेटिंगच्या पानावरून काढून जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये ढकलून दिलंय. सेटिंगमध्ये ‘बॅकअप’ शोधलंत, तर समोर येईल ‘विंडोज बॅकअप’. ते तुमच्या फाइली वनड्राइव्हवर पाठवतं, जिथे फुकट जागा 5 जीबी. तुमच्या 300 जीबीला ते काय पुरणार! स्टार्टमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ टाइप करून त्यात फाइल हिस्टरी शोधा.

ते डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशी तुमची नेहमीची फोल्डरं बघतं आणि डिस्क जोडलेली असेल तर ठरावीक वेळाने, मुळात दर तासाला, बदललेल्या फाइलींची नवी प्रत टाकतं. जुनी प्रत तशीच राहते. सहाव्या प्रकरणाची पंधरा दिवसांपूर्वीची अवस्था हवी असेल, तर त्या दिवसावर जाऊन ती उचलायची. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे प्रती साध्या फाइलींच्याच रूपात असतात. नावापुढे कंसात तारीख-वेळ जोडलेली, बस. उद्या लॅपटॉप गेला, फाइल हिस्टरीच बंद झाली, तरी ती डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावून फोल्डर उघडा, फाइल समोर. परत आणायला कोणाच्याच परवानगीची गरज नाही. (तारखेची वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे असते, घड्याळाशी जुळली नाही तर दचकू नका.)

त्याच्या खोडीही सांगतो. एक, प्रती किती काळ ठेवायच्या याचं मुळातलं सेटिंग ‘फॉरएव्हर’ आहे, म्हणजे डिस्क भरली की गाडी अडली. ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये जाऊन ते ‘अनटिल स्पेस इज नीडेड’ किंवा एक-दोन वर्षं असं करून टाका. दोन, तुमचं भाषांतराचं फोल्डर थेट डी ड्राइव्हवर किंवा भलत्याच जागी असेल, तर फाइल हिस्टरीला त्याचा पत्ताच नसतो. ते डॉक्युमेंट्समध्ये हलवा किंवा विंडोजच्या एखाद्या ‘लायब्ररी’त, म्हणजे वेगवेगळी फोल्डरं एकत्र दाखवणाऱ्या यादीत, सामील करा. तीन, वनड्राइव्हमधल्या ज्या फाइली फक्त ऑनलाइन आहेत, ज्यांच्या शेजारी ढगाचं चित्र दिसतं, त्या यात येत नाहीत. फोटो असे ढगात गेले आहेत का, हे आज रात्री बघूनच झोपा.

दुसरं संकट, विंडोज सुरू न होणं, इथे मैत्रीण बरोबर आहे. इमेज म्हणजे पूर्ण डिस्कचा, विंडोज आणि प्रोग्रामांसकट, एका क्षणाचा साठा. नवी डिस्क बसवून तो तिच्यावर उतरवला की लॅपटॉप त्या क्षणी होता तसा उभा राहतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज 7)’ नावाचं इमेज घेणारं साधन अजून दिसतं, पण मायक्रोसॉफ्टने 2017 मध्येच त्यातल्या सिस्टिम इमेजवरचं काम थांबवल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरा असं सुचवलं. तेव्हा त्याच्या वाटेला नको.

तुमच्यासाठी मी वीम एजंट फॉर मायक्रोसॉफ्ट विंडोजची फुकट आवृत्ती निवडेन. कंपनी मुळात मोठ्या सर्व्हरांचे बॅकअप करणारी आहे, त्यामुळे पडद्यावरची भाषा जरा ऑफिसी वाटते. पण तीन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या. पूर्ण कॉम्प्युटरची इमेज घेतानाच ती नंतर उघडून त्यातली एकच फाइलही काढता येते. डिस्क जोडली की आपोआप बॅकअप सुरू करा, असं सांगता येतं. आणि काम संपल्यावर डिस्क स्वतःच ‘इजेक्ट’ करण्याचा पर्याय आहे. तो का मोलाचा, ते पुढे येतंच. आओमेई, ईझयूएस, हॅस्लिओ यांच्याही फुकट आवृत्त्या इमेज घेतात. त्यातलं एखादं तुमच्या हाताला बसत असेल तर माझी हरकत नाही, फक्त परत आणण्याची कुठलीही पायरी पेड आवृत्तीसाठी राखून ठेवलेली नाही ना, हे आधी तपासा.

इमेज घेणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ‘रिकव्हरी मीडिया’ किंवा ‘रेस्क्यू मीडिया’ बनवा, असा एक पर्याय असतो आणि बरेच जण त्याला ‘नंतर’ म्हणतात. विंडोज सुरू होत नसताना इमेज उतरवायला लॅपटॉप कशावरून तरी सुरू व्हायला हवा. तो या पेनड्राइव्हवरून होतो. एक छोटा पेनड्राइव्ह यासाठी कायमचा बाजूला काढा, आणि एकदा त्यावरून लॅपटॉप खरोखर सुरू करून बघा. पडद्यावर तुमची एक्स्टर्नल डिस्क आणि त्यातली इमेज दिसली की पुढे न जाता ‘कॅन्सल’ करा. त्याच वेळी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्कचं एन्क्रिप्शन मालकाला पत्ता न लागता चालू झालेलं असतं, आणि अशा दुरुस्तीच्या वेळीच ती की मागितली जाते.

इतकी फुकट नावं घेतली, तर फुकट-पेडचा प्रश्नही इथेच मिटवू. पैसे मोजून तुम्हाला ग्राहकसेवा, सोपा पडदा, क्लाउडमधली जागा वगैरे मिळतं. घरच्या एका लॅपटॉपला या घडीला त्याची गरज नाही. फुकटाचा खरा धोका वेगळा आहे. मॅक्रियम रिफ्लेक्ट या इमेज घेणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती अनेक वर्षं सगळ्यांची लाडकी होती. 1 जानेवारी 2024 पासून तिचे सुरक्षा अपडेट बंद झाले. पण पेडही अमरपट्टा घेऊन येत नाही. क्रॅशप्लॅनने घरगुती ग्राहकांसाठीची आपली ऑनलाइन बॅकअपची सेवा 2018 मध्ये गुंडाळली आणि लोकांना नवं बिऱ्हाड शोधावं लागलं. म्हणूनच किमान एक प्रत कुठल्याच सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेल्या साध्या फाइलींच्या रूपात हवी असा माझा आग्रह आहे. फाइल हिस्टरी ते काम करते, आणि हो, भाच्याचं कॉपी-पेस्टही करतं. फोटो आणि वह्यांचे स्कॅन या एकदा तयार झाल्यावर न बदलणाऱ्या गोष्टी; त्यांची साधी कॉपी दुसऱ्या एखाद्या डिस्कवर टाकून ठेवायला काहीच हरकत नाही. रोज बदलणाऱ्या कामाच्या फाइलींना मात्र ते पुरत नाही. शिवाय कॉपी मध्येच कुठल्याशा लांबलचक नावाच्या फाइलवर अडते, आपण ‘स्किप’ दाबतो आणि काय राहिलं ते विसरतो.

प्रत्यक्ष मांडणी अशी करा. डिस्क नवी आणि रिकामी आहे, तेव्हा आधी ती एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीत फॉरमॅट करा. (मॅकच्या सोयीसाठी एक्सफॅट या दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीत करा असं कोणी सुचवेल. ऐकू नका, मधेच वायर निघाली तर एक्सफॅटला सावरणं जड जातं.) मग फाइल हिस्टरी चालू करा, त्यानंतर वीमने पहिली इमेज घ्या. फोटो, व्हिडिओ आधीच आवळलेले असतात, त्यामुळे 300 जीबीची इमेज फारशी लहान होईल अशी आशा नको. 2 टीबीमध्ये ती, तिच्यावरचे इन्क्रिमेंटल आणि फाइल हिस्टरी आरामात मावतील. लॅपटॉपच्या यूएसबी 3 च्या पोर्टला लावा. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला 100 एमबीच्या आसपास धरला, तर पहिला बॅकअप तासाभरात उरकेल; छोट्या फाइली खूप असतील तर थोडा जास्त. चुकून जुन्या यूएसबी 2 मध्ये लावलीत तर अडीच-तीन तास. पुढचे इन्क्रिमेंटल बरेच लवकर होतात.

त्यानंतरचा आठवडा सुरू होण्याआधी एक काम करा, आणि हे पत्र वाचून तुम्ही एवढं एकच केलंत तरी मला चालेल. आईच्या वह्यांपैकी एका स्कॅनचं फोल्डर घ्या आणि लॅपटॉपवर त्याचं नाव बदला. आता ते हरवलंय असं समजून फाइल हिस्टरीतून परत आणा. फाइली उघडून बघा; नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. मग तेच इमेजमधून करा. मग डिस्क भाच्याच्या लॅपटॉपला लावा आणि तुमच्या लॅपटॉपशिवाय काय काय हाती लागतं ते बघा. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐन वेळी एकही नीट चालत नव्हती किंवा मुळात बसवलीच नव्हती असं निघालं. सहा तास आधी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं, आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. तिथे दिमतीला पगारी माणसं होती. तुमच्या घरी तुम्हीच आहात, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी ही तालीम स्वतःच करा.

डिस्क कायम जोडून ठेवायची का? नाही. फाइल हिस्टरीला ती सतत जोडलेली आवडेल, पण रॅन्समवेअरला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामलाही आवडेल. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने धुमाकूळ घातला तेव्हा कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कांवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या. विजेचा झटका, सांडलेला चहा, लॅपटॉपच्या पिशवीसकट डिस्कची चोरी, हेही जोडलेल्या डिस्कचे शत्रू. कामाच्या दिवसांत संध्याकाळी डिस्क जोडा, फाइल हिस्टरीत ‘रन नाऊ’ दाबा, इमेजचं काम आठवड्यातून एकदा लावा आणि झालं की डिस्क काढून कपाटात. वीमचा तो ‘इजेक्ट’चा पर्याय इथे कामी येतो. आपण विसरलो तरी डिस्क कॉम्प्युटरच्या नजरेआड जाते.

पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला 3-2-1 नियम तुमच्या कानावर आला असेल : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. त्यातली घराबाहेरची प्रत आत्ता तुमच्याकडे नाही. दुसरी डिस्क घेऊन, फोटो आणि वह्या तिच्यावर टाकून ती बहिणीकडे ठेवलीत आणि भेटीगाठीत अद्ययावत केलीत, तर ती उणीव भरून निघेल. बाहेर जाणाऱ्या डिस्कवर पासवर्ड हवा. विंडोजच्या होम आवृत्तीत नव्या एक्स्टर्नल डिस्कला बिटलॉकर लावता येत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. त्या पासवर्डला ‘विसरलो’चं बटण नसतं, म्हणून तो बहिणीलाही माहीत असू द्या.

नवऱ्याचा मॅक : त्याला वेगळी डिस्क द्या. मॅकमधलं टाइम मशीन उत्तम आहे, सॉफ्टवेअर शोधायची गरजच नाही. ते गेल्या दिवसाच्या तासागणिक, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवडी प्रती स्वतःच ठेवतं. डिस्क मॅकमधल्या जागेच्या दुप्पट असलेली बरी. पण तिचं फॉरमॅट विंडोजला वाचता येत नाही, आणि तुमची डिस्क त्याच्या मॅकला लावल्यावर ‘ही टाइम मशीनसाठी वापरू का’ असं विचारलं आणि त्याने भरभर ‘हो’ म्हटलं, तर ती पुसली जाऊ शकते. हे त्याला आजच सांगून ठेवा.

ती पेड ट्रायल काढून टाका. अशी सॉफ्टवेअर विंडोजमध्ये खोलवर आपले ड्रायव्हर बसवतात, आणि एकाच डिस्कवर दोघांनी इमेजचं काम हाती घेतलं की अधूनमधून अडतं. काढण्याआधी एवढंच बघा, की ट्रायल घेताना कार्डाचा नंबर दिला होता का. दिला असेल तर आधी खात्यात जाऊन ‘ऑटो-रिन्यू’ बंद करा. नुसतं अनइन्स्टॉल केल्याने ते बंद होत नाही.